गोल्फचं कार्ड: मिळतं कसं, टिकतं कसं

डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोत ‘लल्ला आयशा टूर स्कूल’ नावाची पाच फेऱ्यांची स्पर्धा झाली आणि बंगळुरूच्या अदिती अशोकने ती जिंकली. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. बंगळुरूच्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलमध्ये शिकत होती आणि बारावीची परीक्षा अजून व्हायची होती. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय आणि सर्वांत लहान खेळाडू. या विजयाने तिला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे एक हक्क: २०१६ च्या हंगामात युरोपातल्या महिला टूरवर खेळायला उतरण्याचा. गोल्फच्या जगात या हक्काला नुसतं ‘कार्ड’ म्हणतात. व्यावसायिक गोल्फरचं सगळं आयुष्य ते मिळवण्यात आणि मिळालेलं टिकवण्यात जातं. आपल्याकडे गोल्फची बातमी येते ती कोणीतरी जिंकल्यावर, म्हणून या कार्डाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मला ती या खेळातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

क्रिकेटमध्ये निवड समिती असते. ती बसते, नावांवर चर्चा करते, संघ जाहीर करते. गोल्फमध्ये असं कोणी निवडत नाही. टूर म्हणजे एका संस्थेने वर्षभर वेगवेगळ्या शहरांत भरवलेल्या स्पर्धांची मालिका. दर आठवड्याला नवं मैदान, नवी स्पर्धा. गुरुवार ते रविवार किंवा तशाच चार सलग दिवसांत रोज अठरा होलची एक फेरी, एकूण बहात्तर होल, आणि ज्याचे फटके सर्वांत कमी तो जिंकला. पण मैदान एक आणि दिवसाचा उजेड ठरलेला. दोन-दोन, तीन-तीन जणांचे गट ठरावीक मिनिटांच्या अंतराने सोडायचे म्हटले, तरी एका स्पर्धेत साधारण १२० ते १५६ खेळाडूंपलीकडे कोणी मावत नाही. खेळायची इच्छा असलेले मात्र हजारो असतात. मग आत कोण जाणार?

उत्तर आहे एक क्रमवार यादी. प्रत्येक टूर आपल्या खेळाडूंची गटवार प्राधान्ययादी ठेवते. अगदी वर अलीकडच्या काळात स्पर्धा जिंकलेले, त्यांच्याखाली गेल्या वर्षीच्या क्रमवारीत वरच्या जागी राहिलेले, त्याखाली खालच्या टूरवरून बढती मिळालेले, मग पात्रता स्पर्धेतून आलेले, आणि शेवटी अर्धवट हक्क असलेले. स्पर्धेसाठी नावं नोंदवली गेली की वरून मोजायला सुरुवात होते आणि जागा संपल्या की रेघ ओढली जाते. कोणी माघार घेतली तर रेघेखालचा पहिला आत येतो. प्रायोजकांना मर्जीने द्यायला थोड्या जागा असतात, त्या सोडल्या तर कोणाच्या आवडीनिवडीला वाव नाही. कार्ड मिळणं म्हणजे या यादीत भरवशाची जागा मिळणं, आणि कार्ड जाणं म्हणजे त्या यादीत इतकं खाली घसरणं की आपल्यापर्यंत मोजणी पोचतच नाही.

भारतात पुरुषांची ही यादी ‘प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया’कडे, म्हणजे पीजीटीआयकडे असते. ही संस्था २००६ मध्ये सुरू झाली. तिच्यात शिरायचा मुख्य दरवाजा म्हणजे क्वालिफाइंग स्कूल, सगळ्यांच्या तोंडी क्यू-स्कूल. नाव शाळेचं असलं तरी तिथे शिकवत कोणी नाही, ती निव्वळ परीक्षा असते. हंगाम सुरू होण्याआधी पूर्वपात्रतेच्या फेऱ्या होतात. त्यांतून पुढे गेलेले आणि काही थेट प्रवेश मिळालेले खेळाडू अंतिम टप्प्यात चार फेऱ्या खेळतात. त्या संपल्यावर वरच्या साधारण तीस जणांना त्या वर्षाचं कार्ड मिळतं. एका फटक्याने हुकलेला खेळाडू आणि पंधरा फटक्यांनी मागे राहिलेला खेळाडू यांच्यात फारसा फरक उरत नाही. दोघांचाही पूर्ण हक्क हुकलेलाच असतो. शेवटच्या जागेवर बरोबरी झाली तर तीही तिथल्या तिथे जादा होल खेळवून सोडवता येते. अनेक जुने खेळाडू सांगतात की स्पर्धा जिंकण्याच्या दडपणापेक्षा क्यू-स्कूलच्या शेवटच्या दिवसाचं दडपण वेगळं आणि जास्त असतं. ते पटण्यासारखं आहे. स्पर्धा हुकली तर पुढच्या आठवड्यात दुसरी असते, इथे हुकलं तर वर्ष जातं.

या दरवाजातून कोण आत येतं, हे बंगळुरूत फार चांगलं दिसतं. इथे गोल्फ जुनं आहे. बंगलोर गोल्फ क्लब १८७६ चा. पण व्यावसायिक खेळाडू घडवण्यात मोठा वाटा जुन्या विमानतळ रस्त्याजवळच्या कर्नाटक गोल्फ असोसिएशनचा, म्हणजे केजीएचा. तिथलं मैदान पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेल्या पीटर थॉमसनच्या आराखड्याचं आहे. अदितीच्या घरात कोणी गोल्फ खेळत नव्हतं. केजीएच्या सराव मैदानाशेजारच्या उपाहारगृहात हे कुटुंब नाश्त्याला जायचं, तिथून खेळ दिसायचा, आणि पाच वर्षांच्या मुलीला तो करून बघावासा वाटला. पुढे वडील तिचे कॅडी झाले. वयाच्या तेराव्या वर्षी, २०११ मध्ये, हौशी खेळाडू असतानाच तिने केजीएवर महिलांच्या व्यावसायिक टूरचा टप्पा जिंकला.

दुसऱ्या टोकाला सी. मुनियप्पा आहे. बंगळुरूत कॅडी म्हणून इतरांच्या बॅगा वाहता वाहता तो खेळ शिकला. एस. चिक्करंगप्पाचं गाव बिडदीजवळच्या ईगलटन मैदानाला लागून. तिथे लहानपणी चेंडू गोळा करता करता हातात काठी आली. प्रशिक्षक विजय दिवेचा यांच्या हाताखाली तो तयार झाला आणि २०१२ मध्ये व्यावसायिक बनला. पीजीटीआयच्या यादीत आज लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा, उद्योजकाचा मुलगा आणि कॅडी असे तिघे शेजारी-शेजारी सापडू शकतात, कारण यादीला आकडे सोडून दुसरं काही दिसत नाही. क्लबचं सदस्यत्व वर्षानुवर्षं प्रतीक्षेत अडकतं आणि लाखांत जातं, त्याच क्लबच्या मैदानावर ही एक वाट मोकळी आहे, याचं मला मोठं मोल वाटतं. अर्थात त्या वाटेपर्यंत पोचायला सराव, चेंडू, काठ्या, प्रवास हे सगळं लागतं, आणि तिथे कॅडीच्या मुलाचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. चिक्करंगप्पाला दिवेचा भेटले, व्यावसायिक गोल्फर अनिर्बान लाहिरीचा आधार मिळाला. ज्यांना असं कोणी भेटलं नाही त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

आता कार्ड मिळालं असं धरू आणि एक आठवडा बघू. पीजीटीआयच्या स्पर्धेत साधारण सव्वाशे जण उतरतात. दोन फेऱ्यांनंतर ‘कट’ लागतो: पहिले पन्नास आणि पन्नासाव्याशी बरोबरीत असलेले पुढे खेळतात, बाकीच्यांनी सामान आवरायचं. कट हुकलेल्याला बक्षिसातला एक रुपयाही मिळत नाही. प्रवेशशुल्क, विमानाचं किंवा रेल्वेचं भाडं, हॉटेल, कॅडीची मजुरी, हे सगळं त्याने आधीच खिशातून घातलेलं असतं. कट पार करणाऱ्यांतही वाटणी फार उतरती असते. एकूण बक्षीस एक कोटी रुपये असेल तर विजेत्याला साधारण पंधरा लाख जातात. पन्नासाव्या क्रमांकाच्या वाट्याला एक टक्क्याहूनही कमी येतं. त्यातून कर वजा, खर्च वजा. म्हणजे महिन्यात तीन स्पर्धा खेळून त्यांतले दोन कट पार केलेला खेळाडूही तोट्यात असू शकतो. पगार नाही, करार नाही, सामना-मानधन नाही. फार तर कपड्यांवर एखाद्या प्रायोजकाचं नाव.

या कमाईचीच बेरीज वर्षभर चालते आणि तिला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण मुळात ती जमाखर्चाची वही आहे, आणि तिच्यात फक्त जमा लिहिलेली असते. अनेक टूर आता रुपये-डॉलरऐवजी गुण मोजतात, तत्त्व तेच. हंगामाच्या शेवटी या क्रमवारीतल्या पहिल्या साठ जणांचं पूर्ण कार्ड पुढच्या वर्षी कायम राहतं. एकसष्टाव्याचं राहत नाही. त्याला पुन्हा क्यू-स्कूलला जायचं किंवा खालच्या वर्गात राहून मिळतील तेवढ्या स्पर्धा खेळायच्या.

ही साठची रेघ समजली की गोल्फकडे बघण्याची नजर बदलते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एखादा खेळाडू अठ्ठावन्नाव्या जागेवर असतो आणि हंगामाच्या दोनच स्पर्धा उरलेल्या असतात. त्याला आता जिंकण्यापेक्षा कट पार करणं जास्त महत्त्वाचं. समोर पाण्यापलीकडे ग्रीन आहे, थेट मारलं तर बर्डीची, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी घेण्याची, संधी, चुकलं तर दोन फटके गेले. क्रमवारीत विसावा असलेला खेळाडू मारतो. अठ्ठावन्नावा चेंडू अलीकडे ठेवतो, पुढचा फटका जवळ आणतो आणि पार, म्हणजे ठरलेले तेवढे फटके, घेऊन निघतो. बासष्टाव्याला उलटं करावं लागतं. त्याला नुसता कट पुरत नाही, वरच्या दहात यायला हवं, म्हणून तो पाण्यावरून मारतो. प्रेक्षकाला वाटतं एक भित्रा आहे आणि एक बेफिकीर, पण दोघेही आपापल्या जागेवरून हिशेब बरोबर करत असतात. शिवाय आपण नीट खेळूनही खालचा कोणी अचानक दुसरा आला तर आपली जागा एका आठवड्यात खाली सरकते. आपल्या हातात फक्त आपले फटके.

साठच्या रेघेची चिंता एका झटक्यात पुसून टाकणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे विजय. स्पर्धा जिंकली की बहुतेक टूरवर चालू हंगामाखेरीज पुढची दोन वर्षं कार्ड पक्कं होतं. मधल्या काळात कितीही वाईट खेळलात तरी यादीतली जागा हलत नाही. २००९ मध्ये मुनियप्पाने दिल्लीजवळच्या डीएलएफ मैदानावर इंडियन ओपन जिंकली. कोरियाच्या ली सुंगशी बरोबरी झाली होती, जादा होलवर निकाल लागला. ही स्पर्धा एशियन टूरची होती. बक्षिसाची रक्कम मोठी होतीच, पण एशियन टूरवरच्या दोन वर्षांच्या हक्काने त्याचं आयुष्य जास्त बदललं. आता कुठल्या देशात कोणती स्पर्धा खेळायची हे तो ठरवू शकत होता. बंगळुरूच्याच खालिन जोशीने २०१८ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर शेवटच्या होलवर बर्डी मारून पॅनासोनिक ओपन इंडिया जिंकली, तेव्हाही हेच घडलं. त्याच वर्षी केजीएवर झालेली एशियन टूरची टेक सोल्युशन्स मास्टर्स वीस वर्षांच्या विराज मादप्पाने जिंकली. वीस वर्षांच्या मुलाला दोन वर्षांची निश्चिंती म्हणजे शिकायला, चुकायला, प्रवासाची सवय करून घ्यायला मिळालेला वेळ.

आता अर्धवट हक्काबद्दल, कारण बहुतेक खेळाडूंची वर्षं तिथेच जातात. पूर्ण कार्ड आणि कार्ड नसणं यांच्या मधल्या अवस्थेला ‘कंडिशनल’ दर्जा म्हणतात. रेल्वेचं आरएसी तिकीट आठवा: गाडीत चढता येतं, पण झोपायला जागा मिळेल की नाही हे कोण आलं नाही त्यावर ठरतं. कंडिशनल खेळाडूला मोठ्या, श्रीमंत स्पर्धांत जागा मिळत नाही, कारण तिथे वरचे सगळे येतात. ज्या आठवड्यात नामांकित खेळाडू विश्रांती घेतात, त्या आठवड्यात त्याची बारी येते. कधी मंगळवारी फोन येतो, गुरुवारी खेळायचं असतं. म्हणून असे खेळाडू जागा पक्की नसतानाही स्पर्धेच्या गावी जाऊन थांबतात. हंगामाच्या मध्ये या वर्गातल्या खेळाडूंची आपसातली क्रमवारी त्यांनी आतापर्यंत मिळवलेल्या गुणांवरून नव्याने लावली जाते. त्यामुळे मिळालेल्या चार-पाच संधींत जो चांगला खेळतो तो वर सरकतो आणि त्याला आणखी संधी मिळतात. ज्याच्या त्या चार-पाच संधी वाया गेल्या, त्याचं वर्ष जूनमध्येच संपल्यासारखं होतं.

अदिती या अवस्थेतूनच वर आली, हे आज फार कोणाला आठवत नाही. २०१६ चं युरोपातलं वर्ष तिने गाजवलं. नोव्हेंबरमध्ये गुरुग्रामला महिलांची इंडियन ओपन जिंकली, युरोपियन महिला टूरवर जिंकलेली ती पहिली भारतीय ठरली, आणि त्याच महिन्यात कतारमध्ये पुन्हा जिंकली. लगेच डिसेंबरमध्ये ती अमेरिकेत एलपीजीएच्या, म्हणजे तिथल्या महिला टूरच्या, अंतिम पात्रता स्पर्धेला उतरली. तिथे पूर्ण कार्ड वीस जणींना होतं. अदिती बरोबरीत चोविसावी आली. म्हणजे कंडिशनल. युरोपात दोन विजेतेपदं हातात असताना अमेरिकेत तिला दाराशी थांबून आत जावं लागलं. एका टूरची पुण्याई दुसऱ्या टूरवर आपोआप चालत नाही. २०१७ पासून मिळतील त्या संधींवर तिने एलपीजीएवर पाय रोवला. तिथे टिकण्याची रेघ पहिल्या ऐंशींची आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती एका फटक्याने कांस्यपदक हुकून चौथी आली, तेव्हा अख्खा देश पहाटे उठून गोल्फ बघत होता. जागतिक क्रमवारीत तेव्हा ती दोनशेव्या जागेवर होती. दोनशेवी खेळाडू चौथी कशी, असं अनेकांनी विचारलं. चार वर्षं दर आठवड्याला रेघेच्या आसपास खेळलेल्या खेळाडूला दडपणाची सवय असते, हे त्या प्रश्नाचं बऱ्याच अंशी उत्तर आहे.

टूर वेगवेगळ्या असल्या तरी त्यांच्या शिड्या एकमेकींना टेकलेल्या आहेत. पीजीटीआयवरून थेट युरोपात जायची एक पायरी अलीकडे बसवली गेली: वर्षअखेरीस पीजीटीआयच्या क्रमवारीत जो पहिला, त्याला पुढच्या हंगामासाठी डीपी वर्ल्ड टूरचं, म्हणजे पूर्वीच्या युरोपियन टूरचं, कार्ड. २०२३ मध्ये महूच्या ओमप्रकाश चौहानने ते मिळवलं. २०२४ मध्ये वीर अहलावतने वर्षाची कमाई दीड कोटींच्या पुढे नेत पहिला क्रमांक पटकावला आणि तोही त्याच वाटेने गेला. माझ्या मते भारतीय पुरुष गोल्फसाठी गेल्या कित्येक वर्षांत घडलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. पूर्वी इथला पहिला क्रमांक म्हणजे मान आणि पैसा होता, आता तो एक दरवाजाही आहे.

दुसरी पायरी म्हणजे दोन टूरांनी मिळून भरवलेली स्पर्धा. अशा स्पर्धेत स्थानिक टूरच्या खेळाडूंना ठरावीक जागा असतात आणि जिंकणाऱ्याला मोठ्या टूरचाही हक्क मिळतो. २००८ मध्ये भारतात युरोपियन टूरची पहिली स्पर्धा, इंडियन मास्टर्स, दिल्लीत झाली. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर वाढलेल्या, तिथेच कॅडी म्हणून काम केलेल्या एसएसपी चौरसियाने ती जिंकली आणि युरोपचं दार त्याला चार दिवसांत उघडलं. २०१५ च्या फेब्रुवारीत अनिर्बान लाहिरीने मलेशियन ओपन आणि इंडियन ओपन अशा दोन स्पर्धा जिंकल्या, दोन्ही एशियन आणि युरोपियन टूरच्या सामाईक. लाहिरीचा जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर, पुढे मुक्काम बंगळुरूला. त्याच वर्षी तो एशियन टूरच्या क्रमवारीत पहिला आला. मार्च २०२३ मध्ये केजीएवर पीजीटीआय आणि युरोपची दुय्यम चॅलेंज टूर यांची सामाईक स्पर्धा झाली, तेव्हा बंगळुरूच्या खेळाडूंना घरच्या ग्रीनवर युरोपचे गुण मिळवायची संधी होती. एरवी त्या गुणांसाठी विमानाने युरोप गाठावं लागतं, म्हणून अशा स्पर्धा इथे जास्त व्हायला हव्यात.

एशियन टूरची आपली क्यू-स्कूल असते, शेवटचा टप्पा बऱ्याचदा थायलंडमध्ये हुआ हिनला, पाच फेऱ्यांचा. पहिले पस्तीस आणि बरोबरीतले आत. खालची पायरी एशियन डेव्हलपमेंट टूर. युरोपची पात्रता आणखी दमवणारी: स्पेनमध्ये सलग सहा दिवस, १०८ होल, आणि आता कार्ड फक्त वीसेक जणांना. १९९७ मध्ये चंदीगडचा जीव मिल्खा सिंग युरोपच्या क्यू-स्कूलमधून पार होणारा पहिला भारतीय ठरला. त्या काळात तिथे भारतीय गोल्फरला कोणी ओळखत नव्हतं; त्याच्यामुळे त्या वाटेवरून पुढे जाणाऱ्यांचं काम थोडं सोपं झालं.

सर्वांत वरची आणि सर्वांत कडक यादी अमेरिकेच्या पीजीए टूरची. तिथे अनेक दशकं १२५ हा आकडा होता: वर्षअखेरीस फेडेक्स कपच्या गुणांत, त्याआधी कमाईत, पहिले १२५ सुरक्षित. २०२६ च्या हंगामापासून पूर्ण हक्क पहिल्या शंभरांपुरताच राहिला. खालच्या कॉर्न फेरी टूरवरून येणाऱ्यांची संख्या तीसवरून वीसवर आली. युरोपातून दहा जण येतात, क्यू-स्कूलमधून फक्त पाच, आणि पाचव्या जागेवर बरोबरी झाली तर तीही तोडली जाते. कारण दिलं गेलं ते असं की यादी फुगल्यामुळे कार्ड असूनही अनेकांना खेळायला मिळत नव्हतं. ते खरंही होतं. तरीही मला हा बदल बाहेरून येणाऱ्यांवर जड वाटतो. नावाजलेला खेळाडू विजयांच्या जोरावर, पाच वर्षांचा हक्क देणाऱ्या मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धेच्या, विजेतेपदाच्या जोरावर, आयुष्यभराच्या कमाईवर मिळणाऱ्या एक वेळच्या सवलतीवर टिकून राहू शकतो. नवख्याकडे यांपैकी काहीच नसतं, आणि दारं अरुंद झाली की पहिला फटका त्यालाच बसतो.

लाहिरी २०१५ च्या अखेरीस वेब डॉट कॉम टूरच्या (आताच्या कॉर्न फेरी टूरच्या) शेवटच्या मालिकेतून, म्हणजे खालच्या टूरच्या दारातूनच, पीजीए टूरवर गेला. आशियातला अव्वल खेळाडू, त्याच वर्षी पीजीए चॅम्पियनशिपमध्ये पाचवा, प्रेसिडेंट्स कपच्या संघात निवडलेला, तरी नियम तोच. पुढची वर्षं चढउतारांची गेली. मार्च २०२२ मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो कॅमेरॉन स्मिथच्या मागे एका फटक्याने दुसरा आला आणि २१ लाख ८० हजार डॉलर मिळाले. असा एक आठवडा खेळाडूला वर्षभर क्रमवारी बघण्यापासून सोडवतो.

कार्ड गेल्यावर काय होतं आणि तरीही काय होऊ शकतं, याचं सर्वांत मोठं भारतीय उदाहरण आसनसोलला जन्मलेल्या अर्जुन अटवालचं. २००४ मध्ये तो पीजीए टूरवर पोचलेला पहिला भारतीय. २००९ मध्ये खांदा दुखावला. अशा वेळी टूर ‘मेडिकल एक्स्टेन्शन’ देते: दुखापतीमुळे जेवढ्या स्पर्धा हुकल्या तेवढ्या परतल्यावर खेळायच्या आणि त्यांत मागच्या रेघेइतकी कमाई भरून काढायची. नियम माणुसकीचा आहे, पण मोजणीही तितकीच काटेकोर. २०१० च्या उन्हाळ्यात अटवालच्या स्पर्धा संपल्या, कमाई अपुरी पडली आणि कार्ड गेलं. त्यानंतर काही आठवड्यांतच तो विंडम चॅम्पियनशिपच्या गावी ‘मंडे क्वालिफायर’ खेळायला गेला. ही एका दिवसाची, अठरा होलची स्पर्धा. शंभराहून जास्त खेळाडू आणि मुख्य स्पर्धेच्या मोजून चार जागा. त्याने त्यांतली एक पटकावली, गुरुवारी पहिल्या फेरीत ६१ मारले आणि रविवारी एका फटक्याने स्पर्धा जिंकली. सोमवारच्या पात्रतेतून येऊन पीजीए टूरवर जिंकणारा तो १९८६ नंतरचा पहिला खेळाडू, आणि तिथे जिंकलेला पहिला भारतीय. सोमवारी सकाळी त्याच्याकडे कार्ड नव्हतं, रविवारी संध्याकाळी २०१२ च्या अखेरपर्यंतचं होतं. आता अमेरिकेत अनेक स्पर्धांच्या सोमवारच्या जागा कमी केल्या आहेत. त्या निर्णयाबद्दल वाचलं की मला अटवालचा तो आठवडा आठवतो आणि वाईट वाटतं.

२०२२ मध्ये लाहिरी एलआयव्ही गोल्फ या प्रतिस्पर्धी मालिकेत गेला आणि पीजीए टूरने तिकडे गेलेल्या सगळ्यांना निलंबित केलं. एलआयव्हीत करार, संघ, कट नाही, प्रत्येकाला रक्कम. वरवर बघता कार्डाची चिंता संपली. पण तिथेही २०२५ पर्यंतचा नियम बघा: वर्षअखेरीस पहिले चोवीस सुरक्षित, एकोणपन्नासावा आणि त्याखालचे बाहेर. खेळाडू मोजकेच असले तरी रेघ आलीच.

एक वाट मात्र या याद्यांना वळसा घालून जाते. ऑलिंपिकमध्ये साठ जण घेतात ते जागतिक क्रमवारीवरून आणि देशागणिक मर्यादा ठेवून, टूरचं कार्ड बघून नाही. पुण्याच्या उदयन मानेने पीजीटीआयवर ओळीने विजय मिळवून गुण जमवले होते. टोकियोच्या यादीत तो राखीव होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि मानेला जागा मिळाली. तो छप्पन्नावा आला. अमेरिका-युरोपचं कार्ड नसलेला माणूस घरच्या टूरवर नीट खेळून ऑलिंपिकपर्यंत पोचू शकतो, हे महाराष्ट्रातल्या नव्या मुलांनी लक्षात ठेवावं. पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर पीजीटीआयची स्पर्धा भरते, त्या मुलांनी ती जवळून पाहावी.

वृत्तपत्रांच्या क्रीडापानांना माझी एक विनंती आहे. हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेनंतर विजेत्याचं छायाचित्र जरूर छापा, पण त्याबरोबर क्रमवारीतली पंचावन्न ते पासष्ट ही अकरा नावंही छापा. त्यांतल्या सहा जणांना पुढचं वर्ष मिळालेलं असतं. उरलेल्या पाच जणांना काही आठवड्यांत प्रवेशशुल्क भरून, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभं राहून, क्यू-स्कूलची पहिली फेरी खेळायची असते.